मुलगी घर बघते

मी नेमकी कसली नोकरी करते हे घाटकोपरच्या आमच्या चाळीतल्या बायकांना समजावून सांगायचं काम आईने आपणहून अंगावर घेतलं होतं. "माझां चेडू पोरांका घरां शोधून देता," ती मालवणीत सांगायची, म्हणजे माझी मुलगी पोरांना घरं शोधून देते. यावर शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "म्हणजे एजंट काय गं? मग आमच्या भाच्याला बघ ना एखादी खोली, बोरिवलीला चालेल." आई रागावली, पण तिला त्याहून चांगलं काही सांगता येईना. खरं सांगायचं तर मलाही येत नव्हतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. समाजकार्याचं शिक्षण संपवून मी अंधेरीच्या एका छोट्या संस्थेत लागले होते. आमचं ऑफिस एका दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. अनाथ मुलांना परदेशी जोडप्यांकडे पाठवायचं असलं की कोर्ट आमच्यासारख्या संस्थेचं मत मागवायचं. पूर्वी या कामात फारशी विचारपूस नव्हती. मग तक्रारी झाल्या, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लक्ष घातलं आणि नियम घालून दिले. त्यातला मोठा नियम असा, की मूल देशाबाहेर पाठवण्याआधी त्याला इथेच घर मिळतं का ते मनापासून शोधायचं. दुसरा नियम असा, की मूल समजत्या वयाचं असेल तर त्याचंही म्हणणं ऐकायचं. हे नियम करताना न्यायालयाने मुलांच्या हक्कांच्या त्या जाहीरनाम्याचा आधार घेतला होता, जो जगातल्या देशांनी मिळून केला होता आणि ज्याला आपल्या देशाने फार पूर्वीच होकार दिला होता.

आमचे साहेब निवृत्त मुख्याध्यापक होते. तो जाहीरनामा टाइप करून घेऊन त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी काचेवर बोट ठेवून मला सांगितलं, "जगाने ठरवलं. दिल्लीने मान डोलावली. आता उरलं फक्त मुलुंड, घाटकोपर आणि बोरिवली. तेवढं तू कर."

मी ते करायला निघाले. मुलासाठी अर्ज केलेल्या जोडप्यांची घरं बघायची, त्यांच्याशी बोलायचं, शेजारपाजारचा अंदाज घ्यायचा. बटाटेपोहे आणि चहा तर ठरलेलाच. माणसं वाईट नव्हती, पण सगळ्यांना हवं असायचं ते मूल एकाच साच्यातलं असायचं. लहान, अगदी पाळण्यातलं. मुलुंडच्या एका बाईंनी मला जिन्यापर्यंत सोडायला येऊन हळूच विचारलं होतं, "रंग कसा असेल हो? म्हणजे आमच्यात खपून जाईल ना?" बोरिवलीच्या एका बँकेतल्या गृहस्थांनी मोठ्या मुलीचं नाव काढताच हात जोडले. म्हणाले, "ताई, खोटं कशाला बोलू? मोठ्या मुलाला सगळं आठवत असतं. त्याच्या आठवणीत आम्ही कुठे बसणार?"

ज्या मुलीसाठी मी विचारत होते तिला खरंच बरंच आठवत होतं. ती अंधेरीच्या एका बालगृहात होती, वय आठेक. चारेक वर्षांची असताना एका बस डेपोत सापडलेली. स्वतःचं नाव तिने पोलिसांना नीट सांगितलं होतं, मात्र आडनाव आणि गाव सांगता आलं नव्हतं. एक लाकडी जिना होता आणि जिन्याखाली शेळी बांधलेली असायची, एवढं तिला आठवायचं. तिची चौकशी करत कोणीही आलं नाही. सावळी, काटकुळी, भुवया कायम जरा वर उचललेल्या, जणू समोरच्याने आत्ताच काहीतरी न पटणारं बोलून ठेवलं आहे.

बालगृहाच्या अधीक्षकबाई पन्नाशीच्या, करड्या शिस्तीच्या, पण मुलांसाठी जीव टाकणाऱ्या होत्या. इथे कोणी मिळत नाही म्हटल्यावर त्यांनी या मुलीसाठी परदेशातलं एक जोडपं शोधलं होतं. युरोपातल्या एका थंड देशात राहणारं, दोघं शिक्षक. त्यांनी फोटोंचा अल्बम पाठवला होता. उतरत्या छपराचं घर, बाहेर बर्फ, आत पिवळ्या पडद्यांची खोली, खोलीत छोटा पलंग आणि दारात एक भला मोठा केसाळ कुत्रा. मुलीने तो अल्बम पुष्कळदा बघितला होता. एकदा मी जवळ होते तेव्हा कुत्र्याच्या फोटोवर बोट ठेवून ती म्हणाली, "याला मराठी येत नसणार."

"शिकवशील तू," मी म्हटलं.

"मलाच त्याचं शिकावं लागेल," ती म्हणाली आणि पान उलटलं.

सगळं जुळत आलं होतं. आमच्या संस्थेचं मत तेवढं जायचं होतं. अशात जानेवारीत बालगृहाची सहल मढला गेली. वर्सोव्याहून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, पलीकडे, मग वाळूवर खेळ, आणि दुपारी तिथल्या एका चर्चच्या आवारात जेवण. जेवण झाल्यावर मुलांची मोजदाद करताना ही सापडेना. शेवटी ती गावठाणातल्या एका घराच्या अंगणात सापडली. बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील वाळत घातले होते आणि घरच्या बाईबरोबर ही ते उलटत होती. तोंडाने अखंड बडबड चालू. बाई हसत होती.

पुढच्याच आठवड्यात ती बाई नवऱ्याला घेऊन तरीने आणि बसने बालगृहात येऊन उभी राहिली. मीही त्या दिवशी तिथे होते. दोघं मढच्या जुन्या ख्रिस्ती कोळी वस्तीतली, चाळिशी ओलांडलेली, मूल नसलेली. त्याचा होडीत वाटा होता, ती मासे सुकवायची आणि मालाडला नेऊन विकायची. बाई खुर्चीच्या कडेवर बसली आणि एकदम मुद्द्यावर आली, "बाय, ती पोर आमाला द्याल का? आमी सांभालू."

अधीक्षकबाईंनी त्यांना पाणी दिलं, दोन शब्द चांगले बोलल्या आणि मग खरं तेच सांगितलं. "तुम्ही ख्रिस्ती आहात. हिंदू जोडप्याला कायद्याने दत्तक घेता येतं, तुम्हाला नाही घेता येत. तुम्हाला कोर्ट फक्त पालक नेमू शकेल. ती अठरा वर्षांची झाली की ते पालकपणही संपलं."

"संपलं म्हंजे?" नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"म्हणजे कागदावर ती तुमची कोणी नाही."

"आन् ते बाहेरचे लोक?"

"त्यांनाही इथलं कोर्ट पालकच नेमतं. पण त्यांच्या देशात गेल्यावर तिथल्या कायद्याने ते तिला दत्तक घेतात. मग ती त्यांची मुलगी. पूर्ण मुलगी."

तो बराच वेळ टोपी हातात फिरवत बसला. मग बायकोला म्हणाला, "चल." ती उठली नाही. तिने माझ्याकडे बघितलं. "तुमी घर बघायला येता ना लोकांची? आमचं पन बघा. मग नाय म्हना."

नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं. उलट नियम माझ्याच अंगावर येत होता. इथे घर मिळतं का ते आधी शोधा, असं तो सांगत होता, आणि घर स्वतःच्या पायाने चालत आलं होतं. कायदा मात्र दारातच म्हणत होता, घर मिळेल, आईबाप मिळणार नाहीत. मी ऑफिसात येऊन साहेबांना हे सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "जाहीरनाम्यात सगळी मुलं सारखी आहेत," ते म्हणाले, "आपल्या कायद्यात आईबाप सारखे नाहीत. तू जा, घर बघून ये."

गेले. रस्त्यात एका बंगल्याबाहेर शूटिंग चालू होतं, त्यामुळे बस थांबली आणि खोट्या पोलिसांनी आम्हाला खऱ्यासारखं अडवून ठेवलं. उरलेलं अंतर मी चालत गेले. घर बसकं, कौलारू, दोन खोल्या आणि पडवी, पडवीत एक मांजर. भिंतीवर येशूचं चित्र, त्यापुढे लाल काचेचा दिवा. सगळीकडे सुक्या मासळीचा वास, जो थोड्या वेळाने आपोआप येईनासा होतो. मी माझे नेहमीचे प्रश्न विचारले. शाळेचं काय? गावात आहे, पुढची मालाडला. आजारी पडली तर? डॉक्टर तिकडेच. तिचा धर्म? ती बाई जरा थांबून म्हणाली, "ती काय मानते ते तिला ठाव. मोठी होऊन बोलली तर बाप्तिस्मा देऊ, नाय बोलली तर नाय."

मी लिहून घेत होते. तिने माझं लिहिणं संपू दिलं आणि विचारलं, "बाय, तुमी मला येवढं विचारलं. त्या मोठ्या बाईनी मला येवढं विचारलं. पोरीला कोनी विचारलं काय?"

खरं म्हणजे ते माझंच काम होतं. नियमात स्पष्ट होतं. पण आम्ही सगळे त्याचा अर्थ असा घेत होतो, की शेवटी कोर्टापुढे एकदा मुलाला विचारायचं, आवडतं ना? आणि मूल मान हलवतं. अल्बम दाखवणं म्हणजेच विचारणं, असंही आम्हाला वाटत असे.

दुसऱ्या दिवशी मी बालगृहात गेले आणि मुलीला मागच्या पायऱ्यांवर घेऊन बसले. तिला सगळं सांगितलं. परदेशातलं घर कसं आहे, तिथे काय मिळेल, मढचं घर कसं आहे, तिथे काय मिळेल आणि काय मिळणार नाही. पालक आणि दत्तक यातला फरकही सांगितला, मला जमेल तितका सोपा करून. "तुला काय वाटतं?"

ती गुडघ्यावरची खपली खरवडत राहिली. मग म्हणाली, "मढचं घर बघून सांगते."

"बघितलंस ना सहलीत?"

"सहलीच्या दिवशी सगळे चांगले वागतात."

ती पुढे म्हणाली, "तुम्ही बघता ना घर? तसं मी पण बघणार. राहून."

आमच्याकडे लग्नासाठी मुलगी बघायला येतात. इथे मुलगीच बघायला निघाली होती. अधीक्षकबाई ऐकून चांगल्याच चिडल्या. "असं नियमात कुठे आहे?"

"नियमात नाही, पण करू नका असंही कुठे लिहिलेलं नाही," मी म्हटलं.

"आणि ते परदेशातलं जोडपं? दीड वर्षं वाट बघताहेत ते. खोली रंगवून ठेवलीय पोरीसाठी. त्यांना काय कळवू, मुलगी दुसरं घर बघायला गेलीय म्हणून?" मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं, की बर्फातली ती दोन माणसंसुद्धा खरी होती. पण साहेबांनी जबाबदारी घेतली, माझ्या सोबतीची अट घातली, आणि एका शनिवारी मी मुलीला घेऊन मढला दोन दिवस राहायला गेले.

ती पाहुणीसारखी वागलीच नाही. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं उघडून पाहिली. कुठे झोपायचं ते विचारलं. आपली वस्तू ठेवायला जागा कुठली ते विचारलं. तिची वस्तू म्हणजे एक पत्र्याची डबी होती, तिच्यात काय होतं ते मला अजून माहीत नाही. बाईने फडताळातला एक कप्पा रिकामा करून दिला. मग मुलगी पडवीत जाळं विणत बसलेल्या नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"काका, तुम्ही दारू पिता?"

मी आतूनच कपाळाला हात लावला. तो मात्र शांतपणे म्हणाला, "पितो. रविवारी. सनाला."

"मग मारता?"

"नाय."

ती लगेच आत आली आणि बाईला विचारलं, "मावशी, खरं सांगतात?"

बाई भाकरी थापता थापता थांबली. "मारीत नाय. पन गाना बोलतो मोठ्यानं. ते मारल्यापेक्षा वाईट."

पडवीतून तो हसला. मुलगी हसली नाही. ऐकलेलं तिने कुठेतरी आत जमा करून ठेवलं.

रविवारी सकाळी ते दोघं चर्चला गेले. जाण्याआधी बाईने मुलीला विचारलं, "येतेस?" ती नाही म्हणाली, तर "बरा" म्हणून ते निघून गेले. आम्ही दोघी घरात होतो. मी बाहेर पाणी भरत असताना आत काच फुटल्याचा आवाज आला. येशूपुढचा लाल दिवा जमिनीवर पडून फुटला होता. मुलगी शेजारी उभी होती, हात मागे बांधून. मी काही बोलणार एवढ्यात चर्चहून परतलेली बाई दारात आली.

ती चांगलीच भडकली. "काय गो, डोले कुठं होते तुझे? माझ्या सासूच्या हातचा दिवा तो!" आणखीही बरंच बोलली, त्यातलं निम्मं मला कळलं नाही. मुलगी न हलता ऐकत होती. बोलता बोलता बाईने झाडू घेतला, काचा गोळा केल्या, आणि त्याच चढ्या आवाजात ओरडली, "आता उभी काय राहिलीस? पायात काच जाईल. खाटेवर चढ!" मग चुलीशी गेली. थोड्या वेळाने तिथूनच हाक आली, "जेवाया या गो दोघी."

जेवायला बसण्याआधी नवऱ्याने दिव्याच्या जागी एक साधी वाटी ठेवून तिच्यात वात लावली. दिव्याचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. बाईचा चेहरा मात्र दुपारपर्यंत उतरलेलाच होता. ती ते लपवत नव्हती.

परतीच्या तरीत मुलगी माझ्याजवळ बसली. वारा होता, तिचे केस तोंडावर येत होते. "दिवा पडला की पाडलास?" मी विचारलं.

तिने केस कानामागे सारले. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "ओरडल्या. पण मग जेवायला पण बोलावलं." बालगृहात शिक्षा झालेल्या मुलाला जेवणाच्या रांगेत शेवटी उभं करायची पद्धत होती. ती पद्धत तिच्या चांगलीच अंगवळणी पडली होती. किनारा जवळ आला तसं तिने सांगून टाकलं, "मला मढला राहायचंय. तुम्ही लिहा."

लिहिणं सोपं नव्हतं. अधीक्षकबाईंनी मला समोर बसवून एक प्रश्न विचारला, तो मी विसरू शकले नाही. "तू तिला आज विचारतेस. ती आठ वर्षांची आहे. तिला मांजर दिसतं, बोंबील दिसतात. तिकडे तिला आईबाप मिळणार होते, कायद्याने, कायमचे. शिक्षण, सगळं. उद्या अठरा वर्षांची झाल्यावर ती तुला विचारील, तेव्हा का नाही मला समजावलंत? तेव्हा काय सांगशील?"

मी घरी गेले. वडिलांनी गिरणीच्या संपानंतर एका सोसायटीत वॉचमनची नोकरी धरली होती, ते ड्यूटीवर निघाले होते. त्यांना मी सगळं सांगितलं. ते बूट घालता घालता म्हणाले, "आमच्या संपाचं जे काय व्हायचं ते झालं. पण संपावर जायचं का, हे आम्हाला कुणी विचारलंच नसतं, तर जास्त लागलं असतं." एवढं बोलून ते गेले. मी बसून मत लिहिलं. मुलीने काय बघितलं, काय विचारलं, काय उत्तर मिळालं, सगळं जसंच्या तसं. फुटलेला दिवासुद्धा. कायद्यातली उणीवही लिहिली. शेवटी लिहिलं, की मुलीचं म्हणणं ऐकावं, अशी आमची शिफारस आहे.

परदेशी जोडप्याला अधीक्षकबाईंनी स्वतः पत्र घातलं. त्यांचं उत्तर आलं ते बाईंनी मला वाचायला दिलं. साध्या इंग्रजीत लिहिलं होतं, की आम्हाला फार वाईट वाटलं, पण तिने स्वतः सांगितलं हे ऐकून बरं वाटलं, आणि तिच्यासाठी घेतलेला स्वेटर पाठवत आहोत, तिकडे गरम होत असेल तरी. तो स्वेटर मुलीने मार्चच्या उकाड्यात दिवसभर घालून काढला.

कोर्टात न्यायाधीशांनी मुलीला आपल्या खोलीत बोलावलं. मढचे दोघं, वकील, अधीक्षकबाई आणि मी मागे बसलो. न्यायाधीश वयस्कर होते, मराठी बेताचं बोलत होते, पण प्रश्न त्यांनी मराठीतच विचारले.

"तुला कुठे राहायला आवडेल?"

"मढला."

"का बरं?"

ती विचार करू लागली. तो विचार इतका लांबला की वकिलांनी घसा खाकरला. मग ती म्हणाली, "तिथे मांजर आहे. आणि मावशी ओरडतात ते मला कळतं."

न्यायाधीश हसले. मग गंभीर होऊन त्यांनी तिला समजावलं, "हे दोघं तुझे पालक होतील. कळतं ना तुला?"

"पालक म्हणजे आईबाप," ती म्हणाली. "शाळेत म्हणतात ना, पालकांची सही आणा."

मढची बाई खाली बघत होती. न्यायाधीशांनी पेन उचललं, परत ठेवलं. "हो," ते म्हणाले, "शाळेत तसंच म्हणतात." त्यांनी आदेश दिला. कायद्यापुढे आपले हात बांधलेले आहेत, असंही वकिलांना इंग्रजीत सांगितलं, आणि दोन वर्षं आमच्या संस्थेने घरभेटी देत राहावं, असं ठरवून दिलं.

त्या भेटी माझ्याकडेच आल्या. सुरुवातीचे महिने सरळ गेले नाहीत. ती जेवण लपवून ठेवायची, फडताळाच्या तिच्या कप्प्यात चपात्या सापडायच्या. एकदा रागावून मालाडपर्यंत एकटी चालत गेली होती. नवरा सायकल घेऊन शोधायला निघाला आणि तिला डबलसीट घेऊन आला, वाटेत दोघांनी बर्फाचा गोळा खाल्ला, आणि घरी आल्यावर दोघांनाही बोलणी बसली. हळूहळू चपात्या सापडेनाशा झाल्या. "मावशी"ची "आये" कधी झाली ते बाईला सांगता आलं नाही. एका भेटीत मी ऐकलं आणि मग तेच चालू राहिलं.

दर भेटीत मी तिला बाजूला घेऊन विचारायची, काही तक्रार आहे का? ते माझं काम होतं आणि तिला ते चांगलं माहीत झालं होतं. एकदा ती म्हणाली, "आहे. लिहा. मला होडीवर नेत नाहीत. मुलगी म्हणून."

मी पडवीत येऊन तिच्या वडिलांना तसं विचारलं. "लिवा, लिवा," तो म्हणाला. "खरीच गोष्ट हाय. आमच्यात बाया जात नाय समुद्रावर." मी लिहिलं. ती माझ्या खांद्यावरून वाकून शब्द नीट लिहिलेत का ते बघत होती. ऑफिसात साहेबांनी तो कागद वाचला आणि विचारलं, "याचं काय करायचं?" त्यांनी तो फायलीला लावला. होडीवर तिला पुढेही कधी नेलं नाही. ती त्यावरून कधी गप्प बसलीही नाही.

दशक संपता संपता जगातल्या देशांनी मुलांच्या हक्कांचा नवा, मोठा करार मंजूर केल्याची बातमी पेपरात आली. मुलाला स्वतःचं मत मांडता यावं आणि ते ऐकलं जावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. काही वर्षांनी आपल्या देशानेही तो करार मान्य केला. साहेबांनी जुना कागद काढून काचेखाली तो नवा मजकूर सरकवला. मागचा जाहीरनामा एका पानात मावत होता, हा मावेना. त्यांनी फक्त सुरुवातीची पानं ठेवली.

अधीक्षकबाई म्हणाल्या होत्या ते काही अगदी खोटं ठरलं नाही. मुलगी अठराची झाली तेव्हा कोर्टाचा कागद संपला. पुढे तिचे वडील गेल्यावर त्यांच्या चुलतभावाने घराचा प्रश्न काढला. ही कोण, असं त्याने चारचौघांत विचारलं. तिच्या वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवलं होतं म्हणून निभावलं, पण वर्षभर तिला आणि तिच्या आईला कागद घेऊन हिंडावं लागलं. ख्रिस्ती जोडप्यांनाही मूल आपलं म्हणून घेता येईल असा कायदा व्हायला त्यानंतरही वेळ लागला. त्यांच्यासाठी तो उशिराच आला.

त्या सगळ्या धावपळीत ती एकदा मला भेटायला घाटकोपरला आली होती. तोवर ती नर्सिंगचं शिकत होती. मी तिला जे विचारायचं होतं ते विचारलंच. "त्या वेळी आपण बरं केलं का गं? तिकडे गेली असतीस तर हे हेलपाटे पडले नसते."

तिने भुवया उचलल्या, अगदी तशाच. "काय सांगू, ताई? तिकडे गेले असते तर तिकडची झाले असते. तेही बरंच असतं कदाचित. ती माणसं चांगली होती, स्वेटर होता ना त्यांचा." मग जरा थांबून म्हणाली, "आता वॉर्डमध्ये लहान पोरं येतात ना, त्यांना सुई टोचायच्या आधी मी विचारते, कुठल्या हातात देऊ? बाकीच्या हसतात मला. म्हणतात, वेळ कुठाय एवढा?"

"मग तू काय म्हणतेस?"

"काही नाही. विचारते." तिने घड्याळात बघितलं. मढची तर बंद व्हायच्या आत तिला वर्सोव्याला पोचायचं होतं, आई एकटी होती. आमच्या आईने तिला बळेच डब्यात कुळथाची पिठी घालून दिली आणि ती जिना उतरून गेली.